मोजणी

उम्म अल कुवैनच्या खाडीत ओहोटी लागली
की आम्ही नऊ जण चिखलात उतरतो.
पहाटेचे पाच, आणि हवा आधीच
झाकण ठेवून शिजवल्यासारखी.
उन्हाळ्यात साडेबारा ते तीन
माणसाला सावलीत ठेवायचा इथे कायदा आहे.
रोपांना नाही.

इथे याला कुर्म म्हणतात.
पहिल्या दिवशी मुकादम समजावत होता, झाड कसलं, पान कसलं,
तोवर मी एक पान तोडून
पालथ्या बाजूने जिभेवर ठेवलं.
मीठ.
अरे, हे तर तिवर.
आमच्या मागल्या दारचं,
ज्याच्या बुंध्याला होडी बांधून बाबा जेवायला यायचे.

एका वर्षी तिथे पाटी लागली, राखीव वन.
बाबांनी जाळ्याच्या खुंटांसाठी चार फांद्या तोडल्या होत्या.
गार्ड माणूस चांगला,
पंचनामा आमच्याच खळ्यात बसून लिहिला,
आमचाच चहा पिऊन.
चार. अंकी आणि अक्षरी.
मग सहा वर्षांनी जेटी आली, परवानगीसकट.
तेव्हा फांद्या कुणी मोजल्या नाहीत.
भरपाईची झाडं लावली म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात,
डोंगरावर, सागाची.
खेकड्यांनी बहुतेक एस्टीने जायचं होतं.

माझ्या शेजारच्या ओळीत मोफिजुल गाझी.
सातखिऱ्याचा, मध काढणाऱ्यांतला.
वादळाने त्याच्या भातात समुद्र आणून ठेवला
आणि न्यायला परत आलं नाही.
तो याला बाईन म्हणतो.
चिखलात पाय टाकण्याआधी बनबीबीचं नाव घेतो.
मी म्हटलं, इथे वाघ नाही रे.
म्हणाला, कंपनी आहे.

तिकडे जंगलात शिरायचे पैसे भरायचा,
पासाचे वेगळे, पास दाखवायचे वेगळे.
इथे जंगल लावायचे पैसे मिळतात.
हिशोब लागत नाही, म्हणतो, आणि हसतो.
पुढचा एक दात नाही त्याला.

बी म्हणजे सोललेला पावटा,
दोन हिरवी दळं एकमेकांत घडी घातलेली.
आत बोटभरसुद्धा खुपसायचं नाही,
नुसतं टेकवायचं,
झोपलेल्या पोराचं डोकं उशीवर टेकवावं तसं.
प्रत्येकाला नंबर.
कँपातला एक शिकलेला पोरगा सांगतो,
या एकेका नंबरावर कुठेतरी कुणीतरी
विमान उडवून घेतं.
किती लांब उडतं ते त्यालाही माहीत नाही.

मंगळवारी मोजणीवाले आले.
वर ड्रोन, खाली म्वानाइशा नावाची एक बाई,
आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, गुडघाभर बूट.
साहेब गाडीतच, काच वर.
बाईने एक पान उलटं केलं
आणि कुणी सांगितल्याशिवाय चाटलं.
मग बराच वेळ वही उघडलीच नाही.

अकरा हजार चारशे लावली होती.
जिवंत आणि मेलेली मिळून
अकरा हजार तीनशे नव्याण्णव.
तिने विचारलं, एक?
मोफिजुल बुटाचा चिखल काढत होता,
बुटाला नसलेला.

आमच्या खोलीत, खिडकीशी, चहाचा ग्लास आहे.
एसीचं ठिबकणारं पाणी, त्यात दोन चिमटी मीठ,
भटारखान्यातलं.
मला ठाऊक होतं.
नवाच्या नव जणांना ठाऊक होतं.

रजिस्टर माझ्याकडे असतं, अक्षर बरं म्हणून.
जिवंतचा रकाना. मेलेल्यांचा रकाना.
तिसरा आखलेला नाही.
मी मेलेल्यांत एक वाढवला,
अंकी आणि अक्षरी,
आणि गार्डचा तो चहा का कोण जाणे आठवला.
बाईने माझ्याकडे पाहिलं, सही केली.

रात्री दिवा घालवल्यावर मोफिजुलने हाक मारली.
चौथं पान फुटलं होतं, नखाएवढं.
त्याने ग्लास माझ्या तोंडाशी धरला.
अंधारात मी जीभ लावली.

काय रे, आलं का?
थांब, म्हटलं,
अजून नीट कळत नाही.