गिरणीच्या वर

कोपरखैरणे, सेक्टर सात.
खाली पिठाची गिरणी, त्यामुळे माझे सगळे मांत्रिक
दर आठवड्याला आपोआप म्हातारे होतात.
रविवारी मी त्यांच्या दाढ्या
पावडरीच्या जुन्या ब्रशने झटकते
आणि ते पुन्हा आपापल्या वयावर येतात,
म्हणजे चारशेच्या आसपास.

एकूण नऊ.
पहिला वाशीतल्या बंद होणाऱ्या एका दुकानातला.
साठ टक्के सूट, आणि टोपीचं टोक उडालेलं
म्हणून वर आणखी वीस रुपये कमी.
दुकानदार म्हणाला, मुलासाठी का ताई?
मी म्हटलं, हो.
मूल नव्हतं, आजही नाही,
पण ते उत्तर पिशवीतून त्यानेच दिलं
असं मी धरून चालते.
त्याचं नाव आबा लोणकढे.
थापांचं खातं त्याच्याकडे.

दुसरा तुर्भ्याच्या भंगारातून, किलोवर घेतलेला.
जड आहे. काठी नाही,
नुसती मूठ, काठीभोवती मिटलेली.
काठी त्याने एका नावाड्याला उसनी दिली,
ऐन भरतीत, वल्हं मोडलं म्हणून.
नावाडी पैलतीरी पोचला. काठी आली नाही.
तेव्हापासून हा ओहोट्या मोजतो.
त्याचं तोंड मी खिडकीकडे करून ठेवलंय.
खिडकीतून खाडी नाही, समोरच्या सोसायटीची टाकी दिसते.
त्याला सांगितलेलं नाही.

तिसरा, चौथा, पाचवा एकाच साच्यातले भाऊ.
एकाला मंत्राचा पहिला शब्द येतो, एकाला शेवटचा.
मधला ज्याला येतो तो रुसलाय.
बाकीच्यांचं पुन्हा कधीतरी.

दिवसभर मी लॅबमध्ये दात बनवते.
समोर ओळीने प्लास्टरचे जबडे,
काहीतरी बोलायच्या बेतात थांबलेले.
श्री. दांडेकर, वरची कवळी.
सौ. म्हात्रे, दोन दाढा, रंग जरा पिवळट ठेवणे.
या माणसांना मी कधी पाहिलेलं नाही,
पण कोण कुठल्या बाजूने चावतं
आणि झोपेत कोण दात खातं, ते मला ठाऊक असतं.
झिजलेल्या जागेवरून कळतं सगळं.
लोणकढ्यांच्या टोपीला टोक मीच बसवलं,
कवळीच्या मसाल्याचं,
म्हणून ते हिरडीसारखं गुलाबी आहे.

भाची शलाका, वय सात, कपाटासमोर उभी राहून:
यात बाई कुठली?

शोधली मी. मिळाल्या त्या
झाडूवर बसलेल्या, नाकावर चामखीळ.
शब्द शोधायला गेले तर तिथेही तेच.
मांत्रिक म्हटलं की लोक नारळ घेऊन येतात,
चेटकीण म्हटलं की दगड.
मांत्रिकीण असं म्हणून पाहिलं,
तर पाटलाची पाटलीण तशी
ती त्याची बायको झाली
आणि त्याच्या स्वयंपाकघरात निघून गेली.

मग एका शनिवारी, सगळे गेल्यावर,
दिव्यावर गुलाबी मेण मऊ केलं.
दात कोरायच्या हत्याराने खांदे कोरले, मग मान.
साच्यात मेण जळून गेलं
आणि त्याने सोडलेल्या जागेत धातू शिरला,
जसा रोज शिरतो, कुणाच्या तरी दाढेसाठी.
सोमवारी तावडे सरांनी विचारलं, धातू कमी कसा?
लोणकढे माझ्या तोंडून म्हणाले,
कास्टिंग फुकट गेलं सर, बुडबुडा आला.

ती अंगठ्याएवढी आहे.
टोपी नाही, काठी नाही. एक हात पुढे,
काही द्यायला की मागायला
ते मेणात मला नीट जमलं नाही.
शलाकाने तिला उलटं करून किमतीची चिठ्ठी शोधली.
नव्हती.
मग म्हणाली, हिची गोष्ट?

मी तोंड उघडलं.
नऊ जण कान देऊन बसले.
खाली गिरणी सुरू झाली, कुणाचीतरी ज्वारी,
कपाटाची काच बारीक थरथरायला लागली.
मी म्हटलं, थांब गं,
हिला अजून दात यायचेत.

शलाकाने तिच्या ओठांवरून बोट फिरवून
खात्री करून घेतली.