परवानाधारक

मशीन अकराशेला मिळालं,
नई सडकेच्या कबाड्याकडे, पडद्यासकट.
कळफलकावर 'ज्ञ'ची कळ तेवढी नव्हती,
नुसती स्प्रिंग, पडलेल्या दातासारखी.

बटण दाबलं तर आधी गिरणीसारखं घरघरलं,
मग हिरव्या अक्षरांत म्हणालं,
स्वागत असो, म. ग. तेलंग.
आणि खाली:
कुलूप सापडले नाही.

मी तेलंग नाही. मी विभावरी पागनीस.
दौलतगंजात बावीस वर्षं अक्षरं जुळवली.
माझ्याकडे चपलांच्या सात खोक्यांत फ्लॉप्या आहेत,
मंडळाचे अंक, पत्रिका, तेराव्याची कार्डं,
कुणा एकाचा न छापलेला व्याकरणाचा ग्रंथ.
ते सगळं फक्त ह्याच सॉफ्टवेअरला वाचता येतं.
बाकीच्यांना तिथे दिसतात
चौकोन, प्रश्नचिन्हं, आणि मधेच एखादा बिचारा 'ळ'.

कबाड्याचा फुरकान म्हणाला, "मॅडम, तोड है इसका.
दो मिनिट. ताला-वाला कुछ नहीं माँगेगा."
मी नको म्हटलं.
तो हसला. हसण्यासारखंच होतं.

बाबा वजनमापे निरीक्षक होते.
दाल बाजारात दर वजनाच्या पोटातल्या भोकात
शिसं ठोकून त्यावर छाप मारायचे.
छाप नसलेल्या किलोतही हजारच ग्रॅम असायचे.
"पण ते वजन नव्हे," म्हणायचे,
"तो लोखंडाचा तुकडा."
मला हे कधी पटलं नाही.
तरी नको म्हटलं.

पुण्याला फोन केला. ती कंपनी दुसरीने घेतली होती,
दुसरी तिसरीने,
तिसरीतली मुलगी फार गोड बोलली.
व्हर्जन विचारलं. सांगितलं.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मॅम, ये तो मेरे पैदा होने से पहले का है."
मग लेखी उत्तर आलं:
जुना परवाना दुसऱ्याच्या नावे होत नाही.
नवा विकता येत नाही, कारण ती वस्तूच आता नाही.
विनापरवाना वापर हा मात्र गुन्हा आहे.
आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना,
आणि दोघांचाही पत्ता बदललेला.

मग फालके बाजारात तेलंगांचं घर शोधलं.
ते जाऊन सहा वर्षं झाली.
बाईंनी पाणी दिलं, पंखा लावला,
कुलूप म्हटल्यावर किल्ल्यांचा जुडगा आणला.
त्यात कपाटाची, गच्चीची, विकलेल्या स्कूटरची,
आणि अंगठ्याएवढी, पंचवीस दातांची ती डबी.
"आम्हाला वाटायचं बँकेतलं काहीतरी असेल.
जवळ ठेवायचे. झोपतानाही."

विकत मागितली. नाही म्हणाल्या.
मी चप्पल घालत होते तेव्हा म्हणाल्या,
"मंगळवारी मी उपासाची असते, घरीच असते.
सकाळी न्या. दिवा लावायच्या आत आणून द्या."

आता मंगळवारी मी ती डबी पदरात बांधून आणते,
मागच्या खाचेत बसवते, दोन्ही स्क्रू आवळते.
स्वागत असो, म. ग. तेलंग.
पहिल्या दिवशी शहाण्णवची एक लग्नपत्रिका उघडली,
वेलांट्या सगळ्या जागच्या जागी,
त्यातलं जोडपं आता वेगळं राहतं.

एकेक फ्लॉपी छापून काढते आहे. काही बुरसल्यात.
प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टाइपात टाकते,
अक्षरजुळणी: तेलंग, फालके बाजार.
माझं नाव टाकायचा मला परवाना नाही.

सरकारी मराठीत परवान्याला अनुज्ञप्ती म्हणतात.
तो शब्द आला की आगकाडी घेते,
स्प्रिंगेत घालून हळूच दाबते.
कधी एक 'ज्ञ' उमटतो, कधी तीन.