दर बुधवारी, वीस मिनिटं

फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी सत्तावीस वर्षं काढली,
त्यामुळे काटा बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.
तेलाचा दाब, पाण्याचं तापमान –
हात पोचायच्या आधी डोळा तिथे जाऊन येतो.

जोव्हितो स्विंडनला जायला निघाला
तेव्हा हा ट्रेनर त्याने निम्म्या भावात दिला,
वर पंख्याचं स्टँड फुकट.
दिवाडीहून टेम्पोत बसून तो आमच्याच बोटीतून आला.
ड्युटीवर मीच होतो.
स्वतःचं सामान स्वतःच नदीपार केलं,
भाडं मात्र टेम्पोवाल्याने घेतलंच.

त्याआधी मी पियदादच्या चढणीवर घड्याळ लावायचो.
पण चढण एका जबानीची नाही.
कधी वारा पाठीशी, कधी छातीवर,
एकदा घंटेच्या वेळेला अख्खा गाव रस्त्यात,
आणि एकदा पोदेर, पावांची भरली टोपली मागे बांधून,
मला सहज टाकून वर गेला
आणि वळणावर पोंपों करून हसला.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता मागचं चाक खाटेखाली आहे.
सायकल मधल्या खोलीत, लाकडी कपाटाकडे तोंड करून.
बुधवार, पहाटेचे पाच, एक केळं,
पंखा तीनवर, खिडकी बंद, खाली जुना पेपर.
आधी दहा मिनिटं नुसतं गरम व्हायचं, मी आणि यंत्र दोघांनी.
थंड इंजिन काहीही सांगतं, त्यावर विश्वास ठेवू नये.
मग शून्य लावायचं.
मग वीस मिनिटं, जेवढं आहे तेवढं सगळं.

सात मिनिटांपर्यंत मी तरुण असतो.
अकरावं वाईट.
अकरावं म्हणजे भर पात्र:
रायबंदरचा धक्का मागे बारीक झालेला
आणि पुढचा जवळ यायचं नाव घेत नाही.
घाम पेपरवर टपटपतो, कुणाच्या तरी
भाड्याने देणे आहे-वर.
शेवंती चहाचं आधण ठेवता ठेवता दारातून विचारते,
“खंय पावलो?”
बोलायला श्वास नसतो. बोट वर करतो.

एकशे बावन्न वॅट. मग अठ्ठावन्न.
मग एकसष्ट, एकसष्ट, साठ, एकसष्ट.
श्रावण गेला, चवथ गेली, एकसष्ट.
काटा अडकला की आम्ही काचेवर टिचकी मारतो.
छातीवर मारून बघितली.
साईश म्हणाला, “मामा, नुसती ताकद काय बघतोस,
पट्टा लाव, ठोके बघ.”
भाच्याचं ऐकावं लागतं, ॲप त्याच्या पासवर्डवर आहे.

वही उघडून मागची पानं लावली.
जूनमध्ये एकशे एकसष्टला एकशे अडुसष्ट ठोके.
आज त्याच एकसष्टला एकशे एकोणसाठ.
बोट तीच, तितक्याच स्कूटर, तितकीच माणसं,
पात्र तसूभर अरुंद झालेलं नाही,
आणि टाकीत थोडं डिझेल उरलंय.

मी शेवंतीला सांगितलं, नऊ ठोके वाचले.
तिने गॅस बारीक केला.
“मग ते ठेवलेस कुठे?”

याचं उत्तर वहीत नव्हतं.
मी पट्टा धुऊन दोरीवर टाकला
आणि दुपारपाळीला गेलो. ओहोटी होती,
रॅम्प नेहमीपेक्षा खाली टेकवावा लागला.

रात्री घरी आलो तर मधल्या खोलीत उजेड.
गाऊन गुडघ्यापर्यंत खोचून शेवंती सायकलवर,
पट्टा नाही, मोबाईल नाही, पंखासुद्धा लावलेला नाही,
कपाटाच्या आरशात बघत सावकाश पाय मारत होती.
चपला दारात काढता काढता मी विचारलं,
“खंय पावली?”

ती थांबली नाही.
“अर्दे न्हंयेंत,” म्हणाली.