नातं : धूर

एंडेल राउडसेप, वय अडुसष्ट,
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत एकतीस वर्षं.
खालच्या दाढेखाली गळू, गाल असा फुगलेला
की कानटोपीचा बंद हनुवटीखाली पोचत नव्हता.

त्याआधी तीनदा दारापर्यंत येऊन परत गेला होता.
मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहायचे :
बर्फात येणारी पावलं आणि जाणारी पावलं,
जाणाऱ्यांची ढांग मोठी.

"शाळेत पायानं चालवायचं ड्रिल होतं," तो म्हणाला,
"शिलाईमशीनसारखं. बाई दमल्या की ते मंद व्हायचं,
आणि मंद म्हणजे जास्त.
भुलीची सुई? ती कुणाला मिळायची!
खुर्चीच्या हातांवर आमच्या नखांच्या रेघा होत्या.
नवीन मूल आधी त्या मोजायचं."
एवढं बोलला आणि त्याची दातखीळ बसली.

डॉक्टर मेरिके घाई करत नाहीत.
स्टूल ओढून त्याच्या गुडघ्याइतक्या उंचीवर बसल्या.
वायू आहे, म्हणाल्या, नाकावर मऊ टोपण,
हातपाय हलके होतात,
दुखणं असतं, पण शेजारच्या घरात असतं.
नंतर थोडा वेळ साधा प्राणवायू, की तुम्ही तुमचे मोकळे.
गोळी आहे, तासभर आधी घ्यायची
(पोटातल्या गोळ्यावर गोळी, मी मनात म्हटलं).
आणि शिरेतून देतो ते.
त्यात झोपत नाही माणूस, तोंड उघड म्हटलं तर उघडतो,
फक्त तो तास त्याच्या खात्यात जमा होत नाही.
पूर्ण भूल हवी तर मात्र मुख्य भूमीवर.
"म्हणजे पुन्हा बोट?" तो म्हणाला. "नको.
तो तासच घ्या माझा. दोन घ्या हवं तर."

मी फॉर्म दिला.
औषधं, ॲलर्जी, रक्तदाब, सगळं भराभर.
मग तो रकाना :
घरी नेणारी आणि रात्रभर सोबत राहणारी व्यक्ती.
पेन थांबलं.
"टॅक्सी," तो म्हणाला.
टॅक्सी चालत नाही.
"कुत्रा आहे."
मी हसले, आणि लगेच कळलं, हसायला नको होतं.

"मग वायूच द्या,"
मासळीबाजारात महागाचा मासा
परत बर्फावर ठेवावा, त्या आवाजात.
पण आठवडाभराच्या सर्दीनं नाक चोंदलेलं,
वायूला आत शिरायला वाटच नाही.
डॉक्टरांनी गळवासाठी औषध लिहून दिलं.
गुरुवारी या, म्हणाल्या. नाव घेऊन या.

बुधवारी रात्री मला त्या नावाचीच काळजी.
माझ्या फॉर्मवर कुणाचं लिहीन मी?
दोन नावं आठवली, एक खोडलं.

गुरुवारी तो आला हेल्यु काडाकसबरोबर.
कुंपणापलीकडची. त्याच्या भट्टीतला,
फ्लाउंडर मासे धुरवतानाचा धूर
अकरा वर्षं तिच्या वाळत्या चादरींवर जातोय,
आणि अकरा वर्षं दोघांत शब्द नाही,
हे साऱ्या रस्त्याला ठाऊक.
कसं विचारलं असेल त्यानं? सुजल्या गालानं?
चिठ्ठीनं? मी विचारलं नाही.
तिनं सही अशी ठोकली की कागद फाटला.
'रुग्णाशी नातं' या रकान्यात लिहिलं : धूर.
मी दुसरा फॉर्म दिला नाही.

सुई शिरेत गेली. नाडी अठ्ठ्याऐंशी, मग ब्याऐंशी, मग एकाहत्तर.
मुठी उघडल्या, आतून वंगणाच्या जुन्या रेषा दिसल्या.
दाढ निघाली तेव्हा तो कुणाला तरी
झडप बंद करायला सांगत होता,
आणि मग चादरींबद्दल काहीतरी,
अर्धं कापसात.
दर पाच मिनिटांनी मी आकडे लिहिले.
शब्दांसाठी त्या कागदावर जागा नसते.

बाहेर हेल्यु टोपी न काढता बसलेली,
खतांचं पत्रक उलटं धरून.
"बोलला का काही?"
"तोंडात कापूस होता," मी म्हटलं.
तिनं पाहिलं माझ्याकडे. पटलं नव्हतं.

बाहेर बर्फाचा चिखल झाला होता,
पावलं काही उमटत नव्हती.
दोन बोटांच्या चिमटीत तिनं त्याची बाही धरली होती,
दोरीवरून दमट चादर उतरवावी तशी,
नाक जरा दूर ठेवून.