शेणाचा दगड

अल खूदच्या वादीत पुराचा नाला रुंद करताना
माझ्या पोकलेनचा दात कशावर तरी घसरला.
दगडावर दात वाजतो. या वेळी वाजला नाही,
कण्हला.
मोनिरुल म्हणतो, तू उगाच वाढवून सांगतोस.

काम थांबलं. तीन दिवस बिनपगारी सावली.
मग विद्यापीठातून झुवैना बाई आल्या
आणि खडीत पालथं पडून
एका हाडाभोवतीची माती ब्रशने अशी झाडू लागल्या
जशी निजलेल्या पोराच्या गालावरची माशी.

म्हणाल्या, शेपटीचा मणका. पाला खाणारं जनावर.
मान केवढी, ते सांगायला हात पुरेना,
तेव्हा त्यांनी माझ्या मशीनच्या बूमकडे बोट केलं.
इथे नदी होती म्हणे, चिखल होता,
दिवसभर ओरबाडूनही न संपणारी झाडं होती.
मी आजूबाजूला पाहिलं.
पेट्रोल पंप. एक काटेरी झाड,
त्याच्या सावलीत अर्धीच मावलेली टॅक्सी.

सांगावंसं वाटलं, बाई, हे जनावर मला ठाऊक आहे.
वरोऱ्याकडे आमचं पिसदुरा.
तिथे वावरात वखर अडायचा गोल गोल दगडांना,
आम्ही पोरं ते चिंचेवर भिरकावायचो.
डोमाजी गुराख्याने एकदा दगड फोडला, हुंगला,
म्हणाला, हे शेण हाय.
पारावर महिनाभर हसणं चाललं.
पुढे जीपमधून शिकलेली माणसं आली,
दगड कापून काचेखाली धरला,
आत पाला निघाला, गवतसुद्धा.
तेही म्हणाले, शेणच.
डोमाजी तोवर गेला होता.

हिंदीत एवढं सगळं जमेना.
म्हटलं, मॅडम, हड्डी इधर, गोबर हमारे गाव में.
त्या खळखळून हसल्या.
मग डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाल्या,
तेच जनावर नसेल. तुमची जमीन तेव्हा
समुद्रात एकटीच वाहत चालली होती,
कोणाच्याही आधाराशिवाय.
आणि पुन्हा माती झाडू लागल्या.

रात्री कॅम्पमागे बकरी
सिमेंटच्या गोणीचा कागद खात उभी होती,
सावकाश, डोळे मिटून.
तेलाच्या डब्यात लावलेली माझी अंबाडी
कशीबशी सहा पानांवर आलेली.
दोन खुडली, तिच्यापुढे धरली.

हुंगली तिने.
आणि कागदाकडे वळली.