दहा नंबरचा पत्ता

म्हाप्याच्या एमआयडीसीत, पारसिकच्या डोंगराकडे
पाठ करून बसलेली ही कंपनी पंपांची सीलं बनवते.
तक्रार एवढीच : दुपारी सव्वा वाजला की सर्व्हर जातो.
"जातो म्हणजे कुठे जातो?" मी विचारलं.
डिस्पॅचचे वाघुळदे म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं.
आमचा टेम्पो गेटवर उभा, बिल निघत नाही,
आणि ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघतो."

पहिल्या दिवशी नेहमीचं सगळं केलं.
वायरी उपटल्या, परत खोचल्या,
स्विचवरची धूळ फुंकली,
टेबलाखालून रांगताना सापडलं
कुणाचं तरी कानातलं आणि बोनसचं पाकीट, रिकामं.
दोन वाजता सर्व्हर आपला आपण परत आला
आणि माझं कौतुक झालं.
चहा आला. लाज वाटत होती, पण प्यायलो.

दुसऱ्या दिवशी काळी खिडकी उघडून बसलो.
हाक मारायची, उत्तराची वाट बघायची.
आमच्या धंद्यात खरं तर एवढंच असतं.
दहा नंबर, आहेस का?
आहे.
आहेस का?
आहे.
एक वाजून सोळा मिनिटं : आहे,
पण आवाज दुसऱ्याचा.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातून आलेलं
बारा अक्षरांचं एक नाव असतं,
पत्ता बदलला तरी ते सहसा बदलत नाही.
इथे पत्ता तोच होता, नाव वेगळं.
गल्लीत दोन घरांवर एकच नंबर.
पोस्टमनने तरी काय करावं,
जो आधी ओ देईल त्याच्या हातात पत्र.

एकोणिसाव्या पोर्टातून निघालेली निळी वायर,
तिच्यावर चिठ्ठी नव्हती.
छताच्या फळ्या उचलत तिच्या मागे गेलो,
पँट्रीवरून, लेडीज टॉयलेटवरून, मोठ्याने खाकरत,
थेट जुन्या फायलींच्या खोलीपर्यंत.
तिथे बेबीताई घरत डबा उघडून बसलेल्या.
तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी.
टेबलफॅन मान हलवत होता
आणि फॅनच्याच बोर्डावर, खोक्यांच्या मागे,
जुना सर्व्हर.

नऊ वर्षांपूर्वी याला निवृत्त केलं म्हणे.
वायर मात्र कुणी काढली नाही.
वीज आली की आपोआप उठायचं,
ही सवय त्याला कुणीतरी लावून ठेवलेली,
आणि उठला की सगळ्या ऑफिसला सांगायचा :
दहा नंबर मीच.
स्क्रीन जोडून पाहिला. आतली बॅटरी मेलेली,
म्हणून त्याच्या लेखी रोज एक जानेवारी.
खाली लिहिलेलं : देवरुखकर, पासवर्ड द्या.
देवरुखकर कोण, हे वाघुळद्यांनाही आठवेना.

"मी फॅन लावते म्हनून झालं काय?"
बेबीताईंचा घास हातातच राहिला.
"बंद करू?"
नको, म्हटलं. जेवा तुम्ही.
वायरीची क्लिप तुटलेलीच होती,
दोन बोटांत आली.
पलीकडे डिस्पॅचमध्ये प्रिंटर खरखरायला लागला.
रिपोर्टात लिहिलं : एका पत्त्यावर दोन दावेदार, एक काढला.
चूक कुणाची, हा रकाना कोरा ठेवला.

पुढच्या आठवड्यात सहीसाठी गेलो
तर त्यांनीच जिन्यात थांबवलं.
"सायेब, त्या डब्याच्या मागं एक हिरवा दिवा
लुकलुक करायचा. आता नाय करत."
त्रास होता का त्याचा?
"नाय, जेवताना सोबत व्हायची."
मी सांगायला गेलो की तो दिवा म्हणजे
पलीकडून कुणीतरी बोलतंय, याची खूण.
"मंग तेच ना," त्या म्हणाल्या
आणि बादली उचलून वर गेल्या.

तेवढ्यात वाघुळदे ओरडत आले,
प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.
ते माझ्या करारात नव्हतं.
गेलो.