शिरगणती, १८६०

जूनभर मेसन परगण्यात घोड्यावरून फिरलो,
सरकारी वही मांडीवर.
स्वतंत्र माणसांचा एक तक्ता: नाव, धंदा, जन्मगाव.
दुसऱ्यात फक्त मालकाचं नाव, आणि त्याखाली
वय, लिंग, रंग.
नावाला रकानाच नव्हता.

क्रेनशॉच्या तंबाखूच्या कोठारात
एकीनं माझ्या टाकाकडं बघत विचारलं,
"काय लिहिलंत?"
"चाळीस. स्त्री. काळी."
"केझाया," ती म्हणाली. "आणि चाळीस नाही, अडतीस."
मी वय खोडून नीट केलं.
तेवढंच आपल्या हातात आहे,
असं स्वतःला सांगितलं.

पुढं एक रकाना होता: फरार.
क्रेनशॉ खेकसला, "लिही, एक. हिचा पोरगा.
ओहायोतल्या चोरांनी लपवलाय."
नदी तिथं अशी, की पलीकडचा कोंबडा
अलीकडच्यांना उठवतो.
केझाया पानं जुळवत राहिली,
देठाला देठ.

रात्री जेवताना मी हे बोलून गेलो.
सासरा म्हणाला, मालमत्ता ती मालमत्ता.
मेव्हणा अ‍ॅम्ब्रोज ताट सरकवून उठला,
तो त्या घरात पुन्हा जेवला नाही.
तोफा पुढच्या वर्षी उडाल्या.
आमच्याकडं त्याआधीच
कुणी कुणाला मीठ मागत नव्हतं.

मग छावणीत मला पुन्हा यादीला बसवलं.
अक्षर चांगलं होतं माझं.
या खेपेला नावं होती, सगळ्यांची:
नाव, गाव, गोळी कुठं लागली.
अ‍ॅम्ब्रोज, पोटात.

त्या जूनमध्ये
समास कोरा होता, चांगला दोन बोटं रुंद.
शाईही होती.